हळवं, गरवं आणि तीन टन

कोकणातल्या शेतकऱ्याला ‘खाचरात काय लावलंय?’ असं विचारलं, तर वाणाच्या नावाआधी तो बहुधा हळवं, निमगरवं की गरवं ते सांगेल. पाऊस संपला की लगेच सुकणाऱ्या उंचावरच्या तुकड्यात हळवं, दिवाळीपर्यंत चिखल धरून ठेवणाऱ्या खोलगट खाचरात गरवं, आणि मधल्या जमिनीत मधलं. हळवं म्हणजे हलकं, गरवं म्हणजे जड. भाताला वजनाची विशेषणं का लावायची, हे कुणी समजावत बसत नाही. लावणीच्या घाईत पोरंटोरं ती ऐकूनच शिकतात.

इथून साडेतीन हजार किलोमीटर पूर्वेला, कंबोडियात, ख्मेर शेतकरीही आपल्या भाताची वाटणी अशीच करतो. ‘स्रोव’ म्हणजे भात. लवकर येणारं ते ‘स्रोव स्राल’, मधलं ‘स्रोव कंडाल’, उशिरा येणारं ‘स्रोव थ्ङुन’. स्राल म्हणजे हलकं आणि थ्ङुन म्हणजे जड! एकमेकांची भाषा कानावर न पडताही दोन मुलखांतल्या भात लावणाऱ्यांना एकच शब्द सुचावा, यात मला तरी योगायोगापेक्षा जमिनीचाच हात जास्त दिसतो. पाणी किती दिवस टिकतं ते बघून बी निवडायचं, ही अक्कल दोन्हीकडे सारखीच.

ही वाटणी पुसून तिच्या जागी एक आकडा लिहायचा प्रयत्न 1976 साली कंबोडियात झाला. आकडा होता तीन. देशातल्या भातजमिनीतून हेक्टरी सरासरी तीन टन भात. त्या आकड्याने काय केलं आणि त्यानंतर खाचरं पुन्हा कशी उभी राहिली, त्याची ही हकिगत.

आधी मुलूख बघायला हवा, कारण तो आपल्या अंदाजात बसणारा नाही. देशाच्या मध्यभागी तोनले साप हे सरोवर आहे. त्यातून निघणारी नदी कोरड्या दिवसांत मेकाँगला मिळते, पण पावसाळ्यात मेकाँग इतकी फुगते की तीच नदी उलटी वाहू लागते आणि सरोवरात पाणी चढवते. उन्हाळ्यात अडीच हजार चौरस किलोमीटरचं असलेलं हे सरोवर मोठ्या पुराच्या वर्षी पंधरा हजारांपर्यंत पसरतं. नोव्हेंबरात पाणी परत फिरतं, तेव्हा राजधानी नॉम पेनला नौकांच्या शर्यतींचा जलोत्सव असतो. अशा मुलखात कुठल्या जमिनीवर किती पाणी, किती दिवस, हे एका गावातसुद्धा सारखं नसतं. म्हणून सरोवराच्या काठी तरंगतं भात. पूर चढेल तसं ते भात दिवसाला वीतभर वाढतं, चार-चार मीटर पाण्यावर डोकं ठेवतं, आणि पाणी ओसरलं की आडवं पडून लोंब्या वर उचलतं. 1296 मध्ये अंगकोर या तेव्हाच्या ख्मेर राजधानीत चिनी शिष्टमंडळाबरोबर आलेला चोउ दाग्वान यानेही पाण्याबरोबर वाढणाऱ्या या भाताची नोंद केली आहे. वरच्या रेताड जमिनीत मात्र पाऊस पडेल तेवढाच, आणि ऑगस्टमध्ये त्याने दडी मारली तर लावणी खोळंबणार.

तिथल्या बहुतेक जुन्या वाणांचा आणखी एक गुण होता. ती दिवस मोजत नसत, दिवसाची लांबी मोजत. लावणी जूनमध्ये झाली काय किंवा पाऊस लांबल्यामुळे ऑगस्टमध्ये झाली काय, दिवस पुरेसा लहान झाल्याशिवाय भात निसवायचं नाही. प्रत्येक वाणाची निसवण्याची वेळ ठरलेली. पाणी ओसरायचं आणि दाणा भरायचा मेळ त्यामुळे आपोआप बसे. उत्पन्न बेताचं, हेक्टरी टनाच्या थोडं वर. पण पीक सहसा पूर्ण बुडत नसे. 1960 च्या दशकाच्या शेवटी देशात सुमारे 25 लाख हेक्टरांवर भात होतं आणि खाऊन उरलेला तांदूळ परदेशी जात होता.

मार्च 1970 मध्ये राजपुत्र सिहानूक यांची सत्ता जनरल लोन नोल यांनी उलथवली आणि यादवी पेटली. अमेरिकेची बॉम्बफेक तर 1969 पासूनच सुरू होती. ती ऑगस्ट 1973 मध्ये थांबली, तोवर पूर्वेकडच्या खेड्यांतली माणसं शेतं सोडून शहराकडे धावली होती. भातजमीन पडीक पडत गेली. 1975 च्या सुरुवातीला नॉम पेनला वेढा पडला, तेव्हा तांदूळ विकणाऱ्या या देशाची राजधानी अमेरिकी विमानांनी आणून टाकलेल्या तांदळावर जगत होती.

याच धामधुमीत, 1972-73 मध्ये, कंबोडियातल्या भाताचे नमुने फिलिपिन्समधल्या लॉस बानोस इथे आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेत जमा झाले. ही संस्था 1960 सालची. तिने 1966 मध्ये ‘आयआर 8’ हे बुटकं, भरघोस वाण काढलं आणि आशियाभर भाताची शेती बदलून टाकली. पण संस्थेतल्याच लोकांना एक धाक होता. हे नवं वाण जिथे जाईल, तिथली जुनी वाणं शेतकरी टाकून देणार. म्हणून टी. टी. चांग यांच्या देखरेखीखाली देशोदेशींची जुनी वाणं गोळा करून थंड खोलीत साठवण्याचं काम चाललं होतं. कंबोडियाची 766 वाणं त्यात गेली. लक्षात घ्या, युद्धाच्या भीतीने ती कुणी जपली नव्हती. स्वतःच्याच संशोधनाच्या यशाची धास्ती वाटून ती गोळा झाली होती. विम्याचा हप्ता एका संकटासाठी भरला आणि उपयोगी पडला भलत्याच संकटात.

17 एप्रिल 1975 ला ख्मेर रूज या कम्युनिस्ट बंडखोरांच्या फौजा नॉम पेनमध्ये शिरल्या आणि काही दिवसांत सुमारे 20 लाखांचं शहर त्यांनी रिकामं केलं. आजारी, बाळंतीण, म्हातारे, सगळ्यांना खेड्याकडे हाकललं. त्यांचा नेता पोल पॉट आणि त्याच्या मंडळींच्या डोळ्यांपुढे अंगकोरचं वैभव होतं. प्राचीन राजांनी विस्तीर्ण तलाव बांधले, पाणी खेळवलं आणि साम्राज्य उभारलं, तेव्हा आपणही पाणी खेळवू. तांदूळ हाती असला की सगळं हाती आहे, अशा अर्थाच्या घोषणा होत्या. 1976 मध्ये चार वर्षांची योजना लिहिली गेली: हेक्टरी तीन टन, तांदूळ विकून यंत्रं, यंत्रांतून उद्योग. कागदावर बेरीज अचूक जुळत होती.

जमिनीवर मात्र त्याचा अर्थ वेगळाच झाला. पिढ्यान्‌पिढ्या उताराच्या अंगाने घातलेले वेडेवाकडे बांध मोडून नकाशात शोभतील अशी एकेका हेक्टराची चौकोनी शेतं आखली गेली. एक-एक किलोमीटरच्या चौकटीत कालवे खणले गेले, तेही पाणी कुठून कुठे जातं ते न बघता सरळ रेषेत. काही कालव्यांत पाणी चढेना, काहींचे बांध पहिल्याच पुरात वाहून गेले. आयुष्यात चिखलात पाय न घातलेले शहरी लोक खणायला, आणि चिखलात आयुष्य गेलेले शेतकरी दुसऱ्याच जिल्ह्यात हलवलेले. या दुसऱ्या गोष्टीचं नुकसान सहज लक्षात येत नाही. शेतकऱ्याचं ज्ञान त्याच्या खाचराशी बांधलेलं असतं. कुठल्या कोपऱ्यात पाणी आधी येतं, कुठे वाळू वर येते, हे त्याला ठाऊक असतं ते स्वतःच्या गावाबद्दल. शंभर किलोमीटरवर नेऊन सोडलं की तो नुसता मजूर उरतो. तरंगत्या भातासारखी कमी उत्पन्नाची, उशिरा हाती येणारी पिकं योजनेत बसणारी नव्हतीच.

तीन टन कुठेच होत नव्हते. पण मान खाली घालून वर अहवाल पाठवायचा असल्यामुळे अधिकारी तीन टन पिकल्याचं लिहीत, आणि त्या लिहिलेल्या पिकाच्या हिशोबाने तांदूळ उचलला जाई. काही फौजेला, काही चीनला. पिकवणाऱ्यांच्या वाट्याला पातळ पेज. उपासमार, रोगराई, अतिश्रम आणि कत्तल मिळून पावणेचार वर्षांत सुमारे 17 लाख माणसं गेली. शिकलेला माणूस संशयित ठरत असल्याने शेतीखात्यातले पदवीधरही त्यातच गेले किंवा पळाले.

जानेवारी 1979 मध्ये व्हिएतनामी फौजांनी पोल पॉटची राजवट उखडली. लोक आपापल्या गावाकडे चालू लागले. हंगाम बुडाला. भूक अशी होती की जिथे भात हाती लागलं तिथे ते खाल्लं गेलं, बियाण्याचंसुद्धा. बैल-रेडे मेलेले किंवा मारून खाल्लेले. कित्येक घरांत कर्ता पुरुष नव्हता. नव्या सरकारने दहा-पंधरा कुटुंबांचे गट पाडून, जी जनावरं आणि जे हात उरलेत ते एकत्र करून शेती करायला लावली.

त्या वर्षअखेरीस थायलंडच्या सरहद्दीवर नोंग चान या ठिकाणी एक विलक्षण दृश्य दिसू लागलं. आत जाऊन मदत पोचवणं अवघड, म्हणून मदत संस्थांनी सरहद्दीवरच तांदूळ आणि पुढे बियाणं वाटायला सुरुवात केली. आतल्या खेड्यांतून लोक बैलगाड्या, सायकली घेऊन, काहीजण नुसते पायी, कित्येक दिवसांची वाट तुडवत येत आणि डोक्यावर पोतं घेऊन परत जात. 1980 च्या पावसाळ्याआधी हजारो टन बियाणं असं आत गेलं. त्याने माणसं वाचली, याबद्दल शंका नको.

पण बियाणं म्हणजे तांदूळ नव्हे. तांदूळ कुठलाही चालतो, भूक विचारत नाही. बियाणं मात्र कुठल्या पाण्याचं आहे हे खाचर विचारतं. घाईत बाहेरून आणलेलं बी उंचावरच्या जमिनीत कदाचित बरं येईल, पण छातीभर पाण्याच्या सखल भागात बुडून कुजेल. आणि ज्याचं फुलणं दिवसाच्या लांबीशी बांधलेलं नाही, ते पुराच्या ऐन भरात निसवलं तर लोंब्या पाण्यात. गरव्याच्या खाचरात हळवं लावलं तर काय होतं, ते कोकणात कुणालाही विचारा.

मग ती 766 वाणं लगेच का परत आली नाहीत? कारण राजकारण. व्हिएतनामने बसवलेलं नॉम पेनचं सरकार पाश्चात्त्य देशांना मान्य नव्हतं. संयुक्त राष्ट्रांत कंबोडियाच्या खुर्चीवर पुढची कित्येक वर्षं ख्मेर रूजचेच प्रतिनिधी आणि मागाहून त्यांची आघाडी बसत राहिली. तातडीची मदत चाले, विकासाची मदत चालत नसे. म्हणजे पोत्याने तांदूळ द्यायला हरकत नाही, पण भात कसं पिकवायचं ते शिकवायला बंदी! भारताने मात्र जुलै 1980 मध्येच या सरकारला मान्यता दिली होती.

1982 मध्ये लॉस बानोसच्या संस्थेचे महासंचालक म्हणून एम. एस. स्वामिनाथन रुजू झाले. भारतातल्या हरितक्रांतीत त्यांचा वाटा काय होता हे सांगायला नको. त्यांच्या सहा वर्षांच्या कारकिर्दीत नॉम पेनशी बोलणी झाली, वाणं टप्प्याटप्प्याने परत जाऊ लागली आणि 1987 मध्ये कंबोडिया, भात संस्था आणि ऑस्ट्रेलिया यांचा मिळून एक प्रकल्प सुरू झाला. ऑस्ट्रेलियाचीही त्या सरकारला मान्यता नव्हती. पण पैसे आंतरराष्ट्रीय संस्थेला द्यायचे आणि संस्थेने काम करायचं, यात कुणाचा प्रोटोकॉल मोडत नव्हता. सरकारांना जे तोंडाने म्हणता येत नाही ते कधीकधी भाताच्या पिशवीतून करता येतं.

बी परत येणं म्हणजे जहाजभर पोती आली, अशी कल्पना होते. तसं नसतं. बीज-पेढीतून मिळतं पाकीट, त्यात काही ग्रॅम दाणे. भाताच्या हजार दाण्यांचं वजन साधारण 25 ग्रॅम, म्हणजे दहा ग्रॅमच्या पाकिटात चारशे दाणे. चारशेही उगवले असं धरा. एकेक रोप जपून लावलं, उंदीर-पाखरांपासून राखलं, तर हंगामाअखेर जेमतेम चार किलो भात. ते पुन्हा लावा, टनभर होईल. तिसऱ्या वर्षी पाच-पन्नास शेतकऱ्यांना देता येईल एवढं. आणि गरवं भात वर्षातून एकदाच निसवतं, त्यामुळे घाई करायची सोयच नाही. शिवाय 766 मधलं कुठलं वाढवायचं? सगळी तर वाढवता येत नाहीत. कुठल्या गावाला कुठलं लागेल हे सांगू शकणारी माणसं हवीत, आणि नेमकी तीच गेलेली.

ही गोष्ट सांगणारे बहुतेकजण 766 वाणं घरी परतली इथेच थांबतात. गोष्ट गोड आहे आणि खरीही. पण तेवढ्याने देश पुन्हा जेवायला लागला असं म्हणणं म्हणजे भांडी परत मिळाली म्हणून स्वयंपाक झाला असं म्हणण्यासारखं आहे. प्रकल्पाचं खरं काम त्यानंतरच्या दहा-बारा वर्षांत झालं. ते कंटाळवाणं होतं, त्यामुळे त्याची बातमी होत नाही.

प्रकल्पाचे प्रमुख होते हॅरी नेस्बिट हे ऑस्ट्रेलियन शेतीतज्ज्ञ. ते तिथे पोचले तेव्हा युद्ध संपलेलं नव्हतं. पश्चिमेच्या जंगलात ख्मेर रूजचे सशस्त्र गट होते, रस्त्यांवर चकमकी होत, आणि बांधाबांधांत भूसुरुंग पेरलेले होते. नांगरताना पाय गमावणारे शेतकरी हे त्या देशाचं रोजचं दुःख होतं. अशा वेळी प्रयोग-शेतं आखायची, दर चौरस मीटरला किती लोंब्या ते मोजायचं आणि वहीत लिहायचं, हे कुणाला विनोदी वाटेल. पण मोजणाऱ्यांत ख्मेर तरुण होते, आणि तोच मुद्दा होता. त्यांना प्रशिक्षणासाठी लॉस बानोसला आणि इतरत्र पाठवलं गेलं. त्यांतले कित्येक पुढे स्वतः संशोधक झाले. वाणांची पद्धतशीर सूची करण्याच्या कामात व्ही. एन. सहाय आणि आर. सी. चौधरी हे दोन भारतीय होते.

मातीचं काम मला या सगळ्यात सर्वांत मोलाचं वाटतं. 1997 मध्ये भातजमिनींवर एक पुस्तिका निघाली. तीत कंबोडियाच्या भातजमिनीचे अकरा गट पाडले होते आणि त्या गटांची नावं जगाच्या मृदाशास्त्रातून उचललेली नव्हती, ख्मेर होती: प्रे ख्मेर, प्रातेआ लांग, बाकान, कोक त्राप, कम्पोंग सिएम. ओळखायचं कसं, तर शेतात उभं राहून. वर वाळूचा थर किती जाड, खालचा थर कुठल्या रंगाचा, सुकल्यावर भेगा पडतात का. कम्पोंग सिएम ही भेगाळणारी काळी माती, आपल्याकडच्या काळ्या रानाची चुलत बहीणच. प्रे ख्मेर म्हणजे निव्वळ रेती, खत टाकलं की पावसाबरोबर गेलं. प्रयोगशाळेत माती पाठवायला ना पैसे होते ना वेळ. नांगराच्या फाळाने उलटलेलं ढेकूळ हातात घेऊन कार्यकर्त्याने सांगायचं, इथे स्फुरद कमी पडेल, इथे एवढंच खत पुरे. ज्या राजवटीने सगळी जमीन एकाच मापाची चौकोनी केली होती, तिच्या पाठोपाठ कुणीतरी येऊन म्हणत होतं की नाही, ही अकरा तऱ्हेची आहे.

वाणांच्या बाबतीतही दोन वाटा होत्या. एक नव्या बुटक्या वाणांची. लॉस बानोसला गुरदेव खुश यांच्या चमूने काढलेलं ‘आयआर 66’ साडेतीन महिन्यांत येई आणि दिवसाच्या लांबीची पर्वा करत नसे. ते जिथे पाणी हाताशी आहे तिथे, पावसाळ्याच्या आधी किंवा पूर ओसरल्यावर, एक जादा पीक म्हणून बसलं आणि झपाट्याने पसरलं. भुकेच्या वर्षात जादा पीक म्हणजे काय, ते वेगळं सांगायला नको. दुसरी वाट जुन्या वाणांच्या निवडीची. एकाच नावाच्या वाणाच्या शेतातून सरस लोंब्या वेचायच्या, त्या वेगवेगळ्या लावायच्या, वर्षानुवर्षं पारखायच्या आणि उत्तम ती ओळ वाढवायची. यात संकर नाही, करामत नाही. आजी कणगीत बी ठेवताना भरलेली लोंबी बाजूला काढायची तेच, फक्त वही-पेन्सिल घेऊन.

नव्याने प्रसारित झालेल्या वाणांची नावं वाचताना मराठी माणूस थबकतोच. ‘क्रू’ म्हणजे आपला गुरू. ‘आयआर केसर’. खोल पाण्यातलं ‘तेवदा’, म्हणजे देवता. वरकस जमिनीवरच्या दोन वाणांची नावं ‘सीता’ आणि ‘रीमके’. रीमके म्हणजे रामकीर्ती, ख्मेर रामायण. नांगराच्या तासात सापडलेल्या सीतेचं नाव कोरडवाहू भाताला देणाऱ्याला नमस्कार! आणि तीन वाणांचं एकच नाव होतं, पुढे एक, दोन, तीन असे क्रमांक: ‘संतेफीप’. शांतिभाव. ख्मेरमध्ये शांततेला हाच शब्द आहे. कंबोडियाबाबतचा पॅरिसचा शांतता करार झाला 1991 मध्ये, संयुक्त राष्ट्रांच्या देखरेखीखाली निवडणूक 1993 मध्ये.

मग उघड झाली ती गंमत. प्रकल्पाची माणसं गावोगाव हिंडून शेतकऱ्यांकडची वाणं पुन्हा गोळा करू लागली, तेव्हा दोन हजारांहून अधिक नमुने मिळाले. लॉस बानोसच्या पेढीत होते त्यापेक्षा कितीतरी जास्त. म्हणजे जे सगळं नष्ट झालं असं जग समजत होतं, त्यातलं बरंच कुठे ना कुठे टिकून होतं. विचार केला तर यात नवल नाही. पोल पॉटच्या काळातही शेतं पेरली जातच होती, आणि पेरायला बी लागतं. हुकूम वरून कुठलाही येवो, खाचरात जायचं ते गावात असेल तेच बी. वाणं हरवलीही असतील, तरंगत्या भाताला तर मोठाच फटका बसला. पण शेतकरी हा सुद्धा पेढीवालाच होता, थंड खोलीशिवायचा.

असाच धडा पुढे आफ्रिकेत मिळाला. रवांडात 1994 च्या एप्रिल ते जुलैमध्ये वंशसंहार झाला, तो ऐन पिकाच्या दिवसांत. तिथलं मुख्य अन्न घेवडा. डोंगराळ शेतातल्या बायका रंगीबेरंगी दाण्यांची मिसळण पेरतात, शेकडो वाणं आहेत. सगळं बी संपलं असणार असं गृहीत धरून ‘आशेचं बी’ अशा अर्थाच्या नावाने आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थांनी मोहीम काढली. शेजारच्या देशांत रवांडाचीच वाणं वाढवायला घेतली. सोबत लुईझ स्पर्लिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक साधी गोष्ट केली. शेतकऱ्यांना जाऊन विचारलं, बी आणलंत कुठून? उत्तर असं आलं की बहुतेकांनी घेवड्याचं बी स्वतःच्या उरल्यासुरल्या पिकातून किंवा गावच्या बाजारातून मिळवलं होतं. वाणं फारशी गेलेली नव्हती. गेले होते ते हातातले पैसे. बटाट्याची गत निराळी होती. त्याचं बेणं संशोधन केंद्रातून येई आणि ती साखळीच तुटली होती. तेव्हापासून आपत्तीनंतर ट्रक भरून बियाणं पाठवण्याआधी ‘खरंच बी नाही, की घ्यायला पैसे नाहीत?’ असं विचारण्याची पद्धत हळूहळू रुजली. पुरानंतर आपल्याकडे वाटली जाणारी बियाण्याची पाकिटं बघून हा प्रश्न माझ्या मनात नेहमी येतो.

कंबोडियात 1987 मध्ये भाताचं उत्पादन सुमारे 18 लाख टन होतं. 1995 मध्ये ते 34 लाख टनांच्या घरात गेलं आणि पंचवीस वर्षांनी देशाला पुरून थोडा तांदूळ उरला. याचं श्रेय एकट्या संशोधनाला देता येत नाही. सामुदायिक गट मोडून जमीन कुटुंबांकडे आली होती, बाजार खुला झाला होता, लोक छावण्यांतून घरी परतले होते. पण घरी परतलेल्या माणसाच्या हातात त्याच्या जमिनीला लागू पडणारं बी होतं, हे खरं. सरासरी तेव्हाही हेक्टरी पावणेदोन टनांच्या आसपासच होती. पोल पॉटच्या तीन टनांच्या जवळपाससुद्धा नाही. आणि तरी तांदूळ उरला.

पोल पॉट एप्रिल 1998 मध्ये मेला. त्याच्या शेवटच्या साथीदारांनी वर्षभरात शस्त्रं टाकली. 1999 मध्ये कंबोडियाची स्वतःची शेती संशोधन संस्था स्थापन झाली, ‘कार्डी’ या नावाने ती ओळखली जाते. परदेशी प्रकल्प 2001 मध्ये संपला आणि जमवलेली वाणं, वह्या, माणसं तिच्या हवाली झाली. त्याच 1999 साली एक वाण बाहेर पडलं: ‘फ्का रुमडुओल’. फ्का म्हणजे फूल. रुमडुओल हे पिवळसर, संध्याकाळी घमघमणारं फूल, पुढे 2005 मध्ये ते देशाचं राष्ट्रीय फूल ठरलं. लांब दाण्याचा, शिजताना त्याच फुलासारखा सुवास सोडणारा हा तांदूळ 2012 मध्ये जागतिक स्पर्धेत सर्वोत्तम ठरला, आणि पुढच्या दोन वर्षांतही पहिल्या क्रमांकावर होता.

हे वाण संकरातून आलेलं नाही. कंबोडियातल्याच जुन्या भातातून वेचलेली ती एक ओळ आहे. उत्पन्न बरं, पण विक्रमी नाही. स्वभावाने ते कंडाल, आपल्या भाषेत निमगरवं. पाऊस लवकर आला म्हणून जूनमध्ये लावा किंवा खोळंबला म्हणून पुढे ढकला, ते पानं काढत वाट बघत राहतं. ऑक्टोबरचे दिवस आखडू लागले, की मग निसवतं.